गिरजाबाईची भरमार

गिरजाबाईची नक्कल मले कधीच जमली नाई. बाकी कोणाचीही सांगा. मूल गावच्या शाळेतले आमचे हेडमास्तर तपकीर ओढतानी कसे एकच डोळा मिटत, टपाल आणणारा हरकारा दारासमोर उभा राहून आधी दोनदा कसा खाकरे, नामाजीभाऊ खोटं बोलाच्या आधी कशी मिशी पुसत, हे सारं मी बसल्या बसल्या करून दाखवतो. लोक पोट धरून हासतात. पण कोणी म्हटलं, "मास्तर, गिरजाबाई होऊन दाखव," का मी गप्प. बाईत पकडाले काही नव्हतंच. आवाज चढत नव्हता, हात हालत नव्हते. एक गोष्ट बोलाची, थांबाची, समोरच्याच्या तोंडाकडे पाहाची, मंग दुसरी बोलाची. आता त्या थांबण्याची नक्कल कशी कराची?

मॅट्रिक झालो आणि विसाव्या वर्षी बोरटोल्याच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो. मूलपासून बैलबंडीनं अर्ध्या दिवसाचं गाव. एका अंगानं तलाव, तलावाची मातीची पाळ, पाळीखाली धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, आणि बांध्या संपल्या का जंगल. मधात कुंपण म्हणून काही नाई. धान लोंबीवर आलं का रानडुकरं सरळ जेवाले येत, जसं काही त्याईले आमंत्रण धाडलं होतं. शाळेच्या बाजूलेच गिरजाबाईचं घर, म्हणून माझं जेवण तिच्याकडे ठरलं.

बाई पन्नाशीची. उंच, वाळकी, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदण. नवरा दाजीबा वारून सहा-सात वर्षं झाली होती. त्याच्या नावानं पीक राखाच्या बंदुकीचा परवाना होता. तो मेला तवा गावाले वाटलं, आता बंदूक सरकारजमा. बाई अर्ज घेऊन तीनदा चांद्याच्या कचेरीत गेली. तिसऱ्यांदा आली तवा परवाना तिच्या नावानं होता. कसा केला, हे तिनं कोणाले सांगतलं नाई. आसपासच्या वीस गावांत बंदूकवाली बाई एकच.

बंदूक म्हणजे भरमार. नळीच्या तोंडातून दारू टाकाची, चिंध्या ठासाच्या, छर्रे टाकाचे, मागं तांब्याची टोपी बसवाची, घोडा ओढाचा. दाजीबाच्या बापाची होती. नळी एवढी लांब का उभी केली तर माझ्या टोपीले लागे. पण घरात पाय ठेवला तर ती दिसाची नाई. बंदूक आढ्याले, फडक्यात गुंडाळलेली. दारू घरात नाईच, ती गोठ्याच्या पलीकडे एका वेगळ्या छपरीत, सुक्या भोपळ्यात, मेण लावून बंद. टोप्या तिसरीकडेच, देवघरामागच्या कोनाड्यात, बांबूच्या नळकांड्यात.

मी विचारलं, "बाई, तिन्ही एका ठिकाणी ठेवलं तर काय बिघडते? पटकन सापडन."

"मले सापडाले पाह्यजे," बाई म्हणे. थांबली. "पटकन नको."

घर सारं असंच. दाराच्या उजव्या बाजूले खुंट्या. पहिलीवर दोर, दुसरीवर कंदील, तिसरीवर विळा, चौथीवर बांबूचं नळकांडं, त्यात आगपेटी, पावसात बी कोरडी. कोपऱ्यात दोन रांजण, ते घरच्या पिण्याचे नोहे, आगीचे. त्याईले हात लावला का बाई भांडं हिसकावून घे. कंदिलाची काच रोज संध्याकाळी राखेनं पुसलेली, वात कापलेली, तेल भरलेलं. मी एकदा गंमत म्हणून दोर विळ्याच्या खुंटीवर लटकवला आणि विळा दोराच्या. बाई आली, न पाहता हात लांबवला, दोर घ्याले गेली आणि बोट कापलं. बोट धुतलं, चिंधी बांधली, दोन्ही जिथल्या तिथी लावले आणि मले भाकर वाढली.

माझं खरं शिक्षण दसऱ्याले झालं.

दसऱ्याच्या दिवशी बंदूक आढ्यावरून खाली उतरे, पाटावर ठेवत, झेंडूची फुलं वाहत. गावातले चार लोक आले होते. नामाजीभाऊ बी होते. गावात दुसरी बंदूक त्याईचीच. बाई आत पानाचं तबक आणाले गेली आणि माझ्या अंगात आलं. मी बंदूक उचलली, खांद्याले लावली, आणि एका शिकारी साहेबाची नक्कल सुरू केली, जो वाघाले घाबरून झाडाले मिठी मारते आणि तिथून हुकूम सोडते. नळी फिरवत फिरवत नामाजीभाऊच्या पोटावर आणली. "ऐ वाघ, तिथेच उभा राह. साहेब येऊन राह्यला." लोक लोळले. नामाजीभाऊ बी हासले.

बाई दारात उभी होती. तबक खाली ठेवलं. आली, आणि माझ्या हातून बंदूक अशी घेतली जशी झोपलेल्या पोराच्या हातून खेळणं काढतात. बाहेर अंगणात नेली, नळी आकाशाकडे केली, आणि लोखंडी गज आत सोडला. गजाले एक लाल दोरा बांधला होता. गज बुडाला, लाल दोरा नळीच्या तोंडाशी आला.

"दोरा तोंडाशी आला म्हनजे रिकामी," बाई म्हणे. "वर राह्यला म्हनजे भरलेली."

"मंग रिकामीच होती ना बाई," मी म्हटलं.

"हे तुले आता समजलं." थांबली. माझ्याकडे पाह्यलं. "नामाजीच्या पोटावर धरली तवा समजलं होतं का?"

नामाजीभाऊनं हळूच आपल्या पोटावर हात ठेवला.

बाई आत गेली आणि धान कांडाचं मुसळ घेऊन आली. ते माझ्या हाती दिलं. "हे बंदूक. याच्यात दारू भरली हाये असं समज. नळी आभाळाकडे, नाई त जमिनीकडे. मानसाकडे नाई, ढोराकडे नाई, घराकडे नाई. कुठी ठेवाचं असन त आधी कोन हाये ते पाह्य. आठ दिवस. चुकलास का पहिल्या दिवसापासून."

"बाई, मी मास्तर हाये."

"म्हनूनच," बाई म्हणे.

मी ऐकलं काऊन, असं लोक विचारतात. जेवण तिच्या हातचं होतं, हे एक. आणि ते बोट मी विसरलो नव्हतो, हे दुसरं. मी मुसळ घेऊन शाळेत गेलो. आता पोट्ट्याईले यापरीस मोठा सण कोणता? मी फळ्यावर बेरीज लिहाले वळलो का मागून साठ-सत्तर डोळे मुसळाच्या टोकावर. "गुरुजी, नळी" असं कोणीतरी म्हणे आणि मी पाहे तर मुसळ सरळ पहिल्या रांगेकडे. झालं, पहिल्या दिवसापासून. शाळा सुटली का पोट्टे धावत बाईकडे जाऊन सांगत. तळ्यावर, दुकानात, मारुतीच्या पारावर मी मुसळ उभं धरून. नामाजीभाऊ मले पाहून सलाम ठोके आणि म्हणे, "जमादार, आज किती वाघ?" माझे आठ दिवस एकोणीस दिवस चालले.

विसाव्या दिवशी मुसळ परत केलं. बाईनं ते घेतलं, आणि घेताघेता मी पाह्यलं का तिनं बी ते आभाळाकडेच धरून आत नेलं.

मंग एकदा संध्याकाळी, बांधीवर, बाईनं मले दाजीबाची गोष्ट सांगतली. गोष्ट म्हणजे किती, तीन ओळी. दाजीबा हंगाम संपला का बंदूक तशीच ठेवून देई. जळल्या दारूचा मळ, म्हणजे मैल, लोखंड खाते. एका साली टोपी फुटली पण बार निघाला नाई, मागं मैल अडकला होता. दाजीबानं वाट पाह्यली नाई, बंदूक खाली केली. मंग बार निघाला. "पुढी आपला बैल होता," बाई म्हणे. बांधीकडे पाहून म्हणे, "मानूस असता त."

त्या दिवसापासून बंदूक साफ कराचं काम तिनं घेतलं, दाजीबा जिवंत असतानी बी. आणि दर साली भादवा सरला का, बंदूक आढ्यावरून काढाच्या आधी, बाई ओट्यावर बसून सुई ओवे. दिवस मावळाच्या उजेडात, तीनदा. कोणाची मदत नाई. तिन्ही खेपा दोरा सुईच्या नाक्यातून गेला तर बंदूक खाली उतरे. मी म्हटलं, "बाई, डुकराले सुई टोचाची हाये का?" बाई म्हणे, "सुई दिसत नाई त्याले डुक्कर हाये का मानूस हाये ते कसं दिसन?"

डुकरं मारल्याचं मी कधी पाह्यलं नाई म्हणा. दिवस बुडतानी बाई पाळीवर उभी राहे, छर्रे न टाकता नुसत्या दारूचा एक बार आभाळात काढे, आणि जंगलाच्या काठानं पळापळ ऐकू ये. तेवढ्यानं तिची बांधी वाचे, आणि बाजूच्या पाच-सहा घरांची बी, ज्याईच्याकडे बंदूक नव्हती. घरी येऊन भाकर टाकाच्या आधी चुलीवर पाणी गरम होई, ते बंदुकीसाठी. मी भुकेनं तळमळत बसे. बंदूक आधी धुवाची, मंग मास्तर जेवाचा.

एका चैतात दसरूचं घर पेटलं. दसरू गावाच्या जंगलाकडच्या टोल्यातला, म्हणजे वस्तीतला, गोंड, बाईच्या बांधीत कामाले ये, तिची बांधी वाचली तर त्याची बी वाचे. भर दुपार, वारा गावाकडे सुटलेला, गवताचं छप्पर. सारं गाव घागरी घेऊन धावलं. आणि मी माझ्या डोळ्यानं पाह्यलं, गिरजाबाई उलटी निघाली. छपरीतून दारूचा भोपळा काढला, छातीशी धरला, आणि तलावाकडे चालू लागली. धावत नाई, चालत.

"पाह्य, पाह्य," नामाजीभाऊ ओरडे, "आपला माल वाचवाले निघाली. दसरूचं जळो."

मले बी तसंच वाटलं, खोटं काऊन बोलू. बाईनं तलावाच्या पल्याड ओल्या खड्ड्यात भोपळा ठेवला, वर ओली माती टाकली, तशीच परत आली. आता मात्र धावत. घरातून लांब बांबूचा आकडा काढला आणि दसरूच्या घराले नाई, बाजूच्या चैतूच्या घराले लावला. पेटलेलं नव्हतं ते. त्याचं छप्पर ओढून पाडलं. चैतूची बायको शिव्या देऊन राह्यली आणि बाई ओढून राह्यली. ते पाडलं म्हणून आग तिथी थांबली, आणि ठिणगी बाईच्या छपरीवर पडली असती तरी उडाले तिथी आता दारू नव्हती. आगीचे दोन रांजण दसरूच्या भिंतीवर गेले.

सांजेले सारे राखेत बसले होते. दसरू बाईजवळ आला. "जोहार बाई," एवढंच म्हणे. नामाजीभाऊ मिशी पुसून म्हणे, "मी त तवाच म्हटलं होतं, बाई बरोबर करून राह्यली." मले ते वाक्य, मिशीसकट, अजून पाठ हाये.

आता मूलचा कॅम्प सांगतो.

साली एकदा मोठे साहेब मूलले येत आणि आसपासच्या साऱ्या पीक राखाच्या बंदुका तपासत. तपासून सही केली तर परवाना पुढच्या सालापर्यंत. त्या साली साहेब नवे होते, आणि कॅम्प ऐन कार्तिकात लागला. धान लोंबीवर. बंदूक गेली तर महिनाभरात बांध्या सपाट, बाईची आणि त्या पाच-सहा घरांची बी.

आम्ही नामाजीभाऊच्याच बंडीत निघालो. मी कागद वाचाले. वाटेत नामाजीभाऊ म्हणे, "गिरजाबाई, नळी घासली का?"

"घासली."

"तिथीच चुकते तुमचं. साहेब नळीत पाहते. आत काळं दिसलं तर म्हणते, चालते बंदूक, पीक राखते, कर सही. चकचकीत दिसली का म्हणते, चालवतच नाई तर पाह्यजे कायले? मागच्या साली आपल्या आधीच्या तालुक्यात एका म्हाताऱ्याची तशीच जमा केली. आम्ही सारे परवानेवाले काल एकेक बार काढून तसेच आलो. मैल आत हाये, तोच आपला दाखला."

"मैली बंदूक घेऊन जाऊ?" बाई म्हणे, जसं कोणी तिले उष्टं ताट घेऊन लग्नाले जाय म्हटलं.

नाल्यावर बंडी थांबली. बाई पाणी प्याले उतरली. आणि मले हुशारी सुचली. बाईच्या कंदिलाच्या काचेवर काजळी सापडली असती तर सूर्य पश्चिमेले उगवला असता, पण नामाजीभाऊचा कंदील बंडीले लटकला होता, त्याच्या काचेतून उजेड बी लाजत बाहेर ये. मी आधी नळी आभाळाकडे केली, गज सोडला, लाल दोरा पाह्यला. एवढं बाईचं मीठ खाल्लं होतं. मंग चिंधीले काजळी लावून नळीत चार वेळा फिरवली. पुन्हा जशी होती तशी गुंडाळून ठेवली. नामाजीभाऊनं डोळा मारला.

मूलले तलावाच्या काठी तंबू. तीस-चाळीस लोक बंदुका घेऊन रांगेत. बाई रांगेत उभी राह्यली, लोक वळून वळून पाहत. आमच्या पुढी दोन जण राह्यले तवा बाईनं सवयीनं गजाले पांढरी चिंधी लावली आणि नळीत फिरवली. चिंधी काळी आली.

बाईनं चिंधी नाकाले लावली. "हा दारूचा मैल नोहे," म्हणे. "रॉकेलचा वास हाये."

मी हात मागं घेतले.

"मास्तर, बोटं."

दाखवली.

"राहू द्या ना बाई," नामाजीभाऊ हळूच म्हणे. "पोरानं काम करून ठेवलं. साहेब एकदाच पाहन, झालं."

"साहेब एकदा पाहन," बाई म्हणे. थांबली. "मले रोज पाह्याची हाये."

आणि रांगेतून बाहेर निघाली. तंबूच्या मागं बसली, चार चिंध्या वापरल्या, नळी पुसली, तेलाचं बोट फिरवलं, आणि साऱ्याईच्या मागं जाऊन उभी राह्यली. नामाजीभाऊ बी मले संगत म्हणून मागं आले, म्हणजे मी पाठीमागून त्याईचा गमछा धरून ठेवला होता. मले सांगा, त्या दुपारी मी किती वेळा बोटं धोतराले पुसली असतील? धोतर काळं झालं, बोटं तशीच.

बाईची पाळी आली. साहेबांनी नळी उजेडाकडे धरली, आत पाह्यलं, कागद पाह्यला, मंग बाईकडे.

"ही बंदूक वर्षभरात चाललेली दिसत नाही."

"चालली साहेब."

"मग आत काहीतरी दिसलं असतं. इथे लिहिलंय, तुम्ही दारू घेतली, टोप्या घेतल्या. बंदूक चालली नाही तर ती दारू गेली कुठे? कोणाला दिली?"

सही घेऊन बसलेले मागं वळले. याचा अर्थ साऱ्याईले माहीत होता. चोरून शिकार करणाऱ्याले दारू पुरवणं म्हणजे परवाना त जाईच, वरून कोर्ट. मले वाटलं, आता बोलावं का साहेब, काजळी मी लावली होती. पण ते बोललो असतो तर बाई आणखीच बुडली असती. पहिल्यांदा मले समजलं का तोंड बंद ठेवणं बी एक काम हाये.

"बाई, बंदूक जमा करा," साहेब म्हणाले. "चौकशी होईल."

बाईनं बंदूक सोडली नाई. ओढली बी नाई. "साहेब, इथी एक बार काढाची परवानगी द्या. नुसत्या दारूचा."

"कशासाठी?"

"तुमी विचारलं ना, मैल कुठी गेला. तेच दाखवाचं हाये."

साहेब खुर्चीत मागं टेकले. कारकुनाकडे पाह्यलं, घड्याळाकडे पाह्यलं. "काढा," म्हणे.

बाई तलावाच्या पाळीकडे गेली. मले म्हणे, "पाळीमागं कोनी हाये का पाह्य." मी पाहून आलो, कोणी नाई म्हटलं. मंग ती स्वतः पाळीवर चढून पाहून आली. "म्हैस हाये," म्हणे.

"पाण्यात आहे ती," साहेब म्हणाले. "लांब आहे."

"निंगू द्या."

आता ते म्हैस. पाण्यात नाकापर्यंत बसलेली, डोळे मिटलेले. तीस-चाळीस बंदूकवाले, एक साहेब, दोन कारकून, चार शिपाई, सारे तिच्याकडे पाहून राह्यले. कोणी दगड मारला नाई, बाईनं मारू दिला नाई. साहेबांचा चहा आला, प्याला, कप परत गेला. मंग म्हैस उठली, अंग झाडलं, आणि गावाकडे गेली, तिले काय माहीत ती कोणाले थांबवून राह्यली होती.

बाईनं बंदूक भरली, टोपी बसवली, आभाळाकडे बार काढला. तलावावरचे बगळे उडाले. मंग ती तशीच साहेबांच्या तंबूसमोर येऊन मातीत बसली आणि शिपायाले म्हणे, "बापू, चहाच्या किटलीत गरम पानी हाये का?"

शिपाई साहेबांकडे पाहे. साहेबांनी मान हालवली.

बाईनं किटलीतून नळीत पाणी ओतलं. मागच्या बारीक भोकातून काळं पाणी आलं, शाईसारखं. पुन्हा ओतलं, पुन्हा काळं. मंग राखाडी. मंग पांढरं. गजाले चिंधी, वर-खाली, चिंधी फेकली, दुसरी. घाई नाई. जणू घरी हाये आणि मास्तर उपाशी बसला हाये. भोकात काडी घालून साफ केलं, तोंडानं फुंकलं, दुसऱ्या टोकाले हात धरून हवा लागते का पाह्यलं. कोरड्या चिंध्या. मंग पदराच्या गाठीतून मोहाच्या टोळीच्या, म्हणजे बियांच्या, तेलाची कुपी काढली, चिंधीवर चार थेंब. शेवटी लाल दोऱ्याचा गज सोडला, दोरा तोंडाशी आला, आणि बंदूक साहेबांच्या हाती दिली, नळी आभाळाकडे.

साहेबांनी आत पाह्यलं. बराच वेळ.

"आता सांगा साहेब," बाई म्हणे, "ही बंदूक चालली का नाई चालली?"

साहेबांनी एक पांढरी चिंधी मागितली, स्वतः गजाले लावून नळीत फिरवली, बाहेर काढली. पांढरी. चिंधी टेबलावर ठेवली आणि कागदावर सही केली. सही करून म्हणाले, "दुसरा."

दुसरे म्हणजे नामाजीभाऊ. साहेबांनी तीच चिंधी त्याईच्या नळीत फिरवली. काळी आली ते आलीच, संगं गंजाचा एक पोपडा निघाला. नामाजीभाऊचा हात मिशीकडे गेला.

"बोलू नका," साहेब म्हणाले. "किटलीत पाणी आहे अजून."

त्या दुपारी बंदुका परत रांगेत लागल्या. सही घेऊन बसलेले बी उठले. किटली चार वेळा भरली. गिरजाबाई एकेकाले दाखवत गेली, भोकातून काळं पाणी कधी थांबते ते. कोणाचीच बंदूक जमा झाली नाई.

परततानी गाव दिसू लागलं तवा मीच म्हटलं, "बाई, मुसळ घेऊ का?"

"मुसळ नको," बाई म्हणे. "उद्यापासून कंदील पूस."

"तुमचा त पुसलेलाच असते."

"नामाजीचा."

बदली होईपर्यंत, रोज संध्याकाळी, मी नामाजीभाऊच्या कंदिलाची काच राखेनं पुसली.

बदली गडचिरोलीकडे झाली. मधात तीन सालं गेली. एका आश्विनात मास्तरांच्या परीक्षेसाठी मूलले आलो, काखेत छत्री, कारण पाऊस अजून पुरता गेला नव्हता. बाजाराच्या रस्त्यानं समोरून गिरजाबाई. उंचच उंच, तशीच वाळकी, पण काही चुकल्यासारखं वाटे. मंग समजलं, खांदा रिकामा होता.

"बाई, कॅम्प हाये का? बंदूक कुठी?"

"देऊन आली."

"कोनाले?"

"सरकारले. जमा केली."

मले वाटलं कोण्या साहेबानं काढून घेतली. मी काही बोलाच्या आधी बाई म्हणे, "सुई ओवली. तीन दिवस बसली ओट्यावर. गेला नाई दोरा."

"दोरा जाड असन."

"दोरा तोच."

"मले एक चिठ्ठी धाडली असती बाई. मी येऊन ओवून दिली असती."

बाईनं पाह्यलं. थांबली. "मंग बार बी तूच काढला असता का? परवाना तुया नावानं हाये?"

किटली, म्हैस, ते पांढरी चिंधी, सारं माझ्या डोळ्यापुढून गेलं. कोणी मागितली तवा सोडली नाई, आणि कोणी मागत नव्हतं तवा अर्धा दिवस बंडीत बसून आणून दिली.

"आता डुकरं?"

"दसरूनं बांधीवर वाजवाचे डबे बांधले. साऱ्या घराची पाळी लावली. पोट्टे ढोल वाजवतात. तुयापरीस बेसुरे हायेत, पन डुकराले चालते." हासली. बाईले हासतानी मी दोन-तीनदाच पाह्यलं असन. मंग म्हणे, "कचेरीतल्या बाबूले म्हटलं, रिकामी हाये, पन भरलेली समजा. त्यानं घेतली आन् ढिगावर टाकली. साऱ्याईच्या नळ्या दाराकडे. मानसं येऊन-जाऊन राह्यली."

"मंग?"

"मंग काय. आत गेली. साऱ्या भिंतीकडे करून आली."

"बाबू काही बोलला नाई?"

"त्याले उचलू लागाले लावलं."

दसरू बंडी घेऊन उभा होता. बाई बसली. बंडी निघाली, मी बी माझ्या वाटेनं निघालो. थोडं पुढी जाऊन वळून पाह्यलं. बाई बंडीत माझ्याकडे तोंड करून बसली होती, आणि हात वर. तळवा नाई, बोटं, सरळ आभाळाकडे. मले वाटलं आशीर्वाद देऊन राह्यली. मी बी हात केला. तिचा हात खाली येईना. बंडी दूर जाऊन राह्यली, रस्त्याच्या टोकाच्या पिंपळापर्यंत गेली, हात तसाच.

मंग मागून कोणीतरी म्हटलं, "ओ गुरुजी, जरा सांभाळून." पाह्यलं तर माझ्या काखेतल्या छत्रीचं लोखंडी टोक मागून येणाऱ्या एका गाठोडंवाल्याच्या पोटाशी. सुईचं नाकं जिले दिसत नव्हतं, तिले पिंपळाखालून माझी छत्री दिसत होती. एवढ्या लांबून डुक्कर बी दिसलं असतं, माणूस बी. हे मी ओरडून सांगतलं असतं तरी ती बंदूक परत घ्याले बंडीतून उतरली नसती.

मी छत्री काखेतून काढली, टोक आभाळाकडे केलं, आणि खांद्याशी उभी धरली.

पिंपळाखालचा हात खाली आला.